भिंतीकडचा बाक

२ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठ मोडली! दिवसभर वाकून बाकांवर नंबर चिकटवले. शाळा लहान मुलांची, बाक त्यांच्या मापाचे, आणि उद्या त्यांवर बसणार कोण — तर बँकेतले कारकून, नर्सबाई, दोन-दोन पोरांचे बाप. गुडघे हनुवटीला टेकवून तीन तास! वर्षभर घरी बसून शिकायचं, पण परीक्षा मात्र आमच्या डोळ्यांदेखत द्यायची. मुक्त विद्यापीठ तिकडे उंटावरून शेळ्या हाकतं, इथे बोटं माझी चिकटतात.

मदतीला घड्याळकाका होते. निवृत्त शिक्षक, कैक वर्षं पर्यवेक्षक. दर अर्ध्या तासाला छाती भरून वेळ पुकारतात, म्हणून हे नाव पडलं. मला, केंद्रप्रमुख बाईला, पोरं मागे काय म्हणतात तेही ठाऊक आहे — दुर्बीण. म्हणोत बापडी. या केंद्रावर कॉपी होत नाही ती दुर्बिणीमुळेच!

शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या बाकाशी आलो तसे काका हसले. "हे महाशय परत?" या माणसाचा अर्ज दर सत्राला येतो, हॉल तिकीट निघतं, आणि माणूस काही येत नाही. काका त्याच्या बाकावर पेपर ठेवतात, अर्धा तास वाट बघतात, उचलतात आणि 'गैरहजर' लिहितात. "माझा सगळ्यात गुणी विद्यार्थी," म्हणाले, "ना पाणी मागतो, ना पुरवणी."

३ नोव्हेंबर, शनिवार

आला!

मी टेबलाशी उरलेले पेपर मोजत होते. काका मागच्या रांगेतून परत आले, हातात एक पेपर तसाच. तोंडाचा रंग उडालेला. "मॅडम, तिथे कुणीतरी बसलंय." मी म्हटलं, "काका, बाक बसायलाच असतो." पण ते काही मागे जाईनात. शेवटी पेपर घेऊन मीच गेले.

चाळिशीकडे झुकलेला माणूस. हात मांडीवर, मान खाली. हॉल तिकीट बाकाच्या कडेला सरळ रेषेत ठेवलेलं. त्यावरचा फोटो नाव नोंदवतानाचा, म्हणजे चांगला जुना. एरवी फोटो आणि चेहरा जुळवताना माझी पुरेवाट होते — फोटोत केस असतात, समोर टक्कल! फोटोत एक हनुवटी, समोर दोन! याचं तसं नाही. तोच भांग, गळ्यापर्यंत लावलेलं तेच बटण. थोडा वाळलाय, एवढंच. हजेरीपत्रकावर सही करा म्हटलं, केली. तीन तास लिहीत होता. एकदाही मान वर केली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. वेळ पुकारताना काकांचा आवाज त्या रांगेपाशी बसत होता, हे माझ्या कानांनी ऐकलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पेपर सुटल्यावर फाटकाशी उभी होते. समोरच्या भिंतीला लागून दगडी ओटा आहे, त्यावर एक म्हातारी सकाळपासून बसलेली. कुणाची तरी आई असेल म्हटलं. पोरं एकेक बाहेर पडत होती, ती सगळ्यांकडे बघत होती. मग हा आला. म्हातारी उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली! कपाळ भिंतीला टेकलेलं, डोळे गच्च मिटलेले. तो तिच्यामागून गेला. थांबला नाही. तो वळणाआड झाला तेव्हा ती परत ओट्यावर बसली, जसं काही झालंच नाही.

अंगावर काटा आला माझ्या. भरदिवसा!

४ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा तेच. तो आला, लिहिलं, गेला. म्हातारीने पुन्हा भिंतीला कपाळ टेकलं. मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, बरं नाही का?" म्हणाली, "गेला का तो?" "गेला." तेव्हा कुठे वळली.

"कोण तुमचा?"

"माझा मुलगा इथे परीक्षेला बसलाय," म्हणाली. हे सांगतानाही तो गेला त्या रस्त्याकडे बघत नव्हती.

६ नोव्हेंबर, मंगळवार

आज सगळं कळलं, आणि न कळतं तर बरं होतं असं वाटतंय.

अभ्यासकेंद्रावर एक बाई आली. पस्तिशीची, नीटनेटकी, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. म्हणाली, "तुमच्याकडे भिंतीकडच्या बाकावर जो बसतो, त्याची मी बायको. की विधवा, ते तुम्ही सांगा."

तिची हकीकत अशी. आठ वर्षांपूर्वी नवरा सकाळी घरातून निघाला. कुठे? तर पेपर द्यायला. आमच्याच केंद्रावर! पोचलाच नाही. शोधाशोध झाली, पोलीस झाले, दवाखाने झाले. काही पत्ता नाही. सासूने मात्र एकच धरून ठेवलं — "तो परीक्षेला गेलाय. परीक्षा संपली की येईल." आणि दर सत्राला त्याचा अर्ज भरत राहिली. परीक्षा संपूच द्यायची नाही, म्हणजे तो गेला असं होत नाही. डोकं फिरलेलं म्हणावं तर तेही नाही. मला तर समजलं ते. मला मूल नाही, तरी समजलं.

पण सुनेचं काय? सात वर्षं माणसाची खबर नसली की कोर्ट त्याला मेला असं धरतं. तिने अर्ज केलाय. एक माणूस आहे, तिच्याशी लग्न करायचं म्हणून थांबलाय. "मॅडम, मी ना सवाष्ण, ना विधवा, ना घटस्फोटित. कुठल्याही कागदावर मला नीट रकाना नाही." सासूने कोर्टात सांगितलं, मुलगा जिवंत आहे, शिकतोय, परीक्षा देतोय. कोर्ट म्हणालं, दाखवा. आणि बरोबर याच सत्राला तो बाकावर हजर!

म्हणजे मी जर हजेरीचा दाखला दिला, तर ही बाई पुन्हा अडकली. जन्मभर कदाचित. ओट्यावरची म्हातारी म्हणजे हीच सासू; दाखल्यासाठी तिचा अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडलेलाच आहे.

मी म्हटलं, "फाटकाशी उभं राहून स्वतःच बघा ना." तिने पर्स उघडली, परत मिटली. मग म्हणाली, "दोनदा आले होते कोपऱ्यापर्यंत. पाय उचलत नाहीत. खोटा असला तर प्रश्न मिटला. पण खरा असला तर?"

जाताना मी तिला शब्द दिला — दुसऱ्याच्या नावाने बसलेला डमी असेल तर माझ्या नजरेतून सुटणार नाही. आजवर एक सुटलेला नाही!

७ नोव्हेंबर

हे म्हणाले, "तू परीक्षा घेतेस की हेरगिरी करतेस?" म्हटलं, दोन्ही. वेगळं कुठे असतं?

१० नोव्हेंबर, शनिवार

सापडला धागा! आज त्याची सही झाल्यावर तिन्ही दिवसांच्या सह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि नावनोंदणीच्या अर्जावरची जुनी सही वर ठेवली. चारही तंतोतंत! तोच वेलांटीचा झोका, तीच शेवटची खाली ओढलेली रेघ.

काका म्हणाले, "मग खराच की तो." हेच तर! काका आयुष्यभर वेळ सांगत बसले, माणूस बघायला शिकले नाहीत. इतकी वर्षं मी सह्या बघतेय. खऱ्या माणसाची सही कधीच जुळत नाही. लग्न होतं, बढती होते, हात थकतो, सही बदलते. माझीच बघा ना, पासबुकातली आणि आजची एक नाही, बँकवाला दर वेळी वाकड्या नजरेने बघतो. तंतोतंत जुळते ती गिरवून गिरवून घोटलेली. अति तिथे माती! डमी पुरवणाऱ्या कुणा एजंटाने फोटो दाखवून तोंडवळा जुळणारा माणूस आणला, भांग पाडून घेतला, सही घोटून घेतली. फक्त जरा जास्तच घोटली.

पेपर संपल्यावर तो बसूनच राहिला. सगळे गेले, काका खिडक्या लावायला लागले. मी म्हटलं, "उठा, वेळ संपली."

तो म्हणाला, "मॅडम, या बाकावर कुणी आलं नाही तर तुम्ही काय करता?"

"पेपर ठेवतो. अर्धा तास थांबतो. मग उचलतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"म्हणजे एवढी वर्षं इथे कुणीतरी पेपर ठेवत होतं." असं म्हणून बाकावरून हात फिरवला त्याने, आपण टेबलावरचे कण झटकतो तसा. आणि उठून गेला.

आता 'एवढी वर्षं' हे याला कुणी सांगितलं? एजंटाने, दुसरं कोण! सगळं पढवून पाठवतात मेले. पण त्या वेळी मी एक पाऊल मागे सरले होते, हे इथे तरी कबूल करते. वर्गात कुणी नसल्यासारखं बोलत होता तो. आणि काका खिडकीशी पाठमोरे उभे होते ते वळलेच नाहीत.

११ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा पेपर. सुटल्यावर त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. दार लावलं, काकांना साक्षीला बसवलं. सह्या समोर मांडल्या. म्हटलं, "हे बघा, मी इथे गवत उपटत बसलेली नाही. तुम्ही तो नाहीत."

वाटलं होतं, कांगावा करील, रडेल, हातापाया पडेल. डमी पकडला की हेच होतं. याने सह्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे — पहिल्यांदाच. डोळे थकलेले, पण शांत.

"बरोबर आहे," म्हणाला. "मी तो नाही."

इतक्या सहज! जणू कधीपासून कुणीतरी विचारायची वाट बघत होता.

"मग का आलात?"

"एका गोदामात हमाली करतो. एजंट फोटो घेऊन फिरत होता. म्हणाला, अगदी तुझ्यासारखा दिसतो, बसशील का याच्या जागी?" मग म्हणाला, "बघावंसं वाटलं. हा वेळेवर पोचला असता तर काय झालं असतं."

"त्याच्या घरच्यांचा काही विचार?"

"तिथे एक आई आहे आणि एक बायको. मला सांगितलंय." आणि मग विचारलं, "बायको बरी आहे?"

मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय! तो म्हणाला, खरंच, मला काय करायचंय. कागद पुढे केला तर एका दमात लिहून दिलं — मी तो इसम नाही, दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसलो, शिक्षा मान्य आहे. खाली अंगठा उमटवला. "सही नको," म्हणाला, "सहीवर तुमचा विश्वास नाही." हसला. काका हसले नाहीत. घरी जाताना मला म्हणाले, "मॅडम, हा माणूस सुटल्यासारखा का वाटला हो? पकडला तर आपण."

फाटकाबाहेर म्हातारी भिंतीला कपाळ टेकून उभीच होती. तिला सांगायचा धीर झाला नाही. दुर्बीण मागच्या दाराने घरी गेली!

१२ नोव्हेंबर, सोमवार

विद्यापीठाला कळवलं. शुक्रवारी चौकशी अधिकारी येणार. सुनेला फोन केला, "डमीच निघाला, सुटलीस बाई!" ती म्हणाली, "हो?" एवढंच.

हे म्हणाले, पेढे वाटायचे सोडून तोंड का पाडून बसलीस. खरंच का बसलेय? डमी पकडला की मी चार दिवस मान ताठ करून फिरते. या वेळी सारखं वाटतंय की दार उघडं राहिलंय कुठलंतरी.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

अधिकारी वेळेवर आला. तरणा, चेहऱ्यावर 'आटपा लवकर'. खोलीत तो माणूस, म्हातारी, सून, काका आणि मी. म्हातारीने खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड केलं आणि पदर डोळ्यांवर घेतला. अधिकारी म्हणाला, "आजी, इकडे वळा." नाही वळली. म्हणाली, "मला दुसऱ्या कुणाला त्याच्या जागी बघायचं नाही." घ्या! मुलगा म्हणून उभा केला, आणि स्वतःच्याच तोंडाने 'दुसरा' म्हणाली. पण अधिकारी कागद चाळत होता, त्याच्या कानापर्यंत ते गेलंच नाही.

त्याने सुनेला विचारलं, "बाई, नीट बघून सांगा. याला ओळखता?"

ती दारातून आत आली तेव्हापासून जमिनीकडे बघत होती. आता मान वर केली. किती वेळ बघत होती, मला सांगता येणार नाही. पंखा घरघरत होता. तो माणूसही तिच्याकडे बघत होता. कुणाची पापणी हलेना. मला वाटलं, आता ही 'नाही' म्हणेल आणि सगळे घरी जातील.

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "हो. हाच माझा नवरा."

मी उडालेच! अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "बाई, यानेच लिहून दिलंय की —" "काही दिलं असेल," ती म्हणाली. "हाच तो. चला, घरी चला." आणि हात पुढे केला त्याच्याकडे.

म्हातारी ओरडली. असा आवाज मी माणसाच्या घशातून कधी ऐकला नव्हता. तोंड अजून भिंतीकडेच. "नाही! हा माझा मुलगा नाही! मी आणलाय याला, एजंटाकडून आणलाय! हा घरी आला तर माझ्या पोराची वाट कोण बघणार? त्याच्या जागेवर कुणी बसायचं नाही!"

मग तो माणूस हळूच म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. बाई चुकतायत."

सुनेचा हात तसाच हवेत होता. मग तिने तो खाली घेतला, पदराला पुसला आणि बसली. "चुकले असेन," म्हणाली.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं — प्रत्यक्ष आईने नाकारलं, इसमाने स्वतः नाकारलं, सबब डमी. त्या माणसाने पुन्हा अंगठा दिला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला. दारात काकांना नमस्कार केला. मला नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

रात्रभर विचार करून आता उलगडलं. काय पोरगी आहे! म्हातारीला तिच्याच तोंडून बोलायला लावलं. 'हाच नवरा' म्हटलं नसतं, तर म्हातारी पदर ओढून गप्प बसली असती, उद्या कोर्टात पुन्हा नवा एजंट, नवा मुलगा. आता बोलायची सोय उरली नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा हुशार निघाली." निघाली तर निघाली! दाखल्याच्या अर्जावर 'नामंजूर' लिहिलं आणि जेवले.

म्हातारीचं वाईट वाटतंच. पण जिवंत बाईला मेलेल्या माणसाच्या बाकाला किती दिवस बांधून ठेवायचं?

९ मार्च, शनिवार

सून येऊन गेली. निकाल लागला, नवरा कायद्याने मृत. मी म्हटलं, "त्या दिवशी युक्ती मात्र झकास केलीस गं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. "युक्ती कसली, मॅडम? तोच होता. पाहिला आणि कोर्ट, लग्न, सगळं विसरले. घरी न्यायलाच हात पुढे केला होता. तर म्हणाला, बाई चुकतायत."

पाणी दिलं ते प्यायली. लग्न पुढच्या आठवड्यात आहे. मला बोलावलंय.